तलफ साखरेची, भूक जेवणाची

सोलापूर जिल्ह्यात दोन पिके वर्षानुवर्षे समोरासमोर उभी आहेत. मंगळवेढा, बार्शी, मोहोळकडच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी, आणि भीमेच्या व उजनीच्या पाण्यावर ऊस. १९३०च्या दशकात माळीनगर आणि श्रीपूरला कारखान्यांची धुराडी उभी राहिली, १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. ऊस आणि ज्वारी यांच्यातला रानातला तंटा पाण्याचा आणि पैशाचा आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हाच तंटा आपल्या ताटातही चालू आहे. त्याकडे मात्र आपण ज्याचा त्याचा खासगी प्रश्न म्हणून पाहतो आणि ‘गोड कमी करा’ एवढे सांगून तो मिटवू पाहतो. हा सल्ला घराघरांत पोहोचला आहे. तरीही गोड कमी झालेले नाही.

ते का झाले नाही, याचे माझे उत्तर असे आहे : गोडाची तलफ हा मनाचा दुबळेपणा नव्हे. बहुतेक वेळा ती लांबलेल्या जेवणातून, अपुऱ्या झोपेतून आणि सतत हाताशी असलेल्या स्वस्त साखरेतून तयार होते. तिच्यावरचा नैसर्गिक उपाय म्हणूनच आधी ताटात आणि दिनक्रमात शोधायला हवा. चूर्णे, काढे आणि शपथा त्यानंतरच्या गोष्टी आहेत.

आधी हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतली मर्यादाही दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच आहे. म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. आता आपला चहा मोजा. कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ ते दहा ग्रॅम होते. सकाळी उठल्यावर एक, कामावर पोहोचल्यावर एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, एवढ्यावरच ही मर्यादा मागे पडते. बिस्किटे, शीतपेये, मिठाई अजून मोजलेलीच नाहीत. देशाचा आकडाही तेच सांगतो. भारतात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते. लोकसंख्येने भागले तर माणशी वीस किलोच्या आसपास, म्हणजे रोज पन्नास ग्रॅमहून अधिक. गूळ त्यात धरलेला नाही.

या आकड्यांत आपल्या भागाची एक खूण आहे. गोडाच्या तलफेवरचे बहुतेक लेख केक, चॉकलेट आणि आइस्क्रीमबद्दल बोलतात. सोलापूरकराची तलफ मुख्यतः चहाची असते. टपरीवर साखर पातेल्यातच पडते, त्यामुळे ती किती घ्यायची हे पिणाऱ्याच्या हातात उरतच नाही. मिठाई खाल्ली तर आपण ती लक्षात ठेवतो. चौथा चहा कोणी लक्षात ठेवत नाही. म्हणून ‘मी गोड फारसे खात नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूसही दिवसाला चाळीस ग्रॅम साखर सहज पिऊन टाकतो.

पुढचा प्रश्न असा की हा चहा कधी घेतला जातो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणारा कामगार पहाटेची झोप अनावर झाली की चहा घेतो. तेंदूपाने आणि तंबाखू बिडी कंपनीच्या ब्रँचमधून आणून घरी हजारांच्या हिशेबाने बिड्या वळणारी बाई सकाळचा स्वयंपाक आणि पानांची कापणी यांच्या मध्ये, खायला वेळ नसतो तेव्हा चहा घेते. ऊसतोडीचा मजूर अंधारात फडात उतरण्याआधी घेतो. कचेरीतला माणूस दुपारी चारला डोळे मिटायला लागले की घेतो. या चौघांना जे हवे असते त्याची नावे वेगळी आहेत : एकाला झोप, दुसरीला जेवण, तिसऱ्याला न्याहारी, चौथ्याला विसावा. मिळते मात्र सगळ्यांना एकच, साखर. ती तातडीने मिळते, पाच-दहा रुपयांत मिळते आणि काही मिनिटांत अंगात तरतरी आणते. त्यामुळे शरीराला सवय लागते की कोणतीही उणीव भासली की साखर मागायची.

या सवयीमागे शरीराची व्यवस्था आहे. रिकाम्या पोटी गेलेली साखर झपाट्याने रक्तात मिसळते, तिला आवरायला इन्सुलिन येते आणि काही वेळाने रक्तातली साखर खाली येते. काही माणसांत ती खाण्याआधीच्या पातळीपेक्षाही खाली घसरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी सहभाग घेतलेला एक मोठा अभ्यास २०२१मध्ये ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये आला. एक हजाराहून अधिक लोकांच्या नोंदी त्यात होत्या. खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त घसरत होती त्यांना भूक लवकर लागत होती आणि दिवसभरात त्यांचे खाणेही जास्त होत होते. म्हणजे सकाळी नऊचा गोड चहा आणि बिस्किटे अकराच्या चहाची तयारी करून ठेवतात. अकरा वाजता आपण स्वतःला दोष देतो, पण बीज नऊलाच पेरलेले असते.

झोपेचेही तसेच. शिकागो विद्यापीठात २००४मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले गेले. पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन त्यांच्यात १८ टक्क्यांनी उतरले, भूक जागवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि त्यांची ओढ गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे सर्वांत जास्त वळली. बारा माणसांवरचा प्रयोग लहानच, पण रात्रपाळी केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. अशा माणसाला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणे म्हणजे त्याच्या थकव्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. ज्याला सहा-सात तास सलग झोप मिळत नाही त्याच्यासाठी गोड कमी करण्याचा पहिला उपाय झोप हाच आहे, आणि तो त्याच्या एकट्याच्या हातात नसतो.

ताटातला उपाय मात्र आपल्या जिल्ह्यात पिकतो. ज्वारीची ‘मालदांडी ३५-१’ ही निवड १९३०च्या दशकात आपल्याच मोहोळच्या केंद्रात झाली आणि दख्खनच्या कोरडवाहू रब्बीत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारे उघडली ती याच गावची. भुकेल्यांना त्यांनी धान्य दिले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतू असतात. भाकरीतही पिष्ट आहेच आणि तिनेही रक्तातली साखर वाढते, पण पांढऱ्या पावापेक्षा किंवा मैद्याच्या बिस्किटांपेक्षा सावकाश. तिच्यासोबत शेंगाची चटणी, पिठले किंवा डाळ, दही आणि कांदा आला की जेवण पोटात टिकते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि चांगला स्निग्धांशही असतो. सोलापूरच्या या साध्या जेवणात तंतू, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ हे तिन्ही एकत्र येतात, आणि भूक लांबवण्याचे काम हेच तिघे करतात.

इथे कडक भाकरीचे मोल ध्यानात येते. ती दिवसेंदिवस टिकते, डब्यात मोडत नाही, गरम करावी लागत नाही, आणि चटणी-दह्यासोबत दहा मिनिटांत न्याहारी होते. कामाच्या जागी चहाला पर्याय म्हणून फळांची फोड किंवा बदामांची मूठ सुचवणारे लेख मागावरच्या माणसासाठी लिहिलेले नसतात. कडक भाकरी, चटणी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे त्याला परवडतात आणि मिळतातही. चहा सोडायची गरज नाही. तो खाण्याच्या जागी येऊ नये, खाल्ल्यानंतर यावा. नुसता हा क्रम बदलला तरी अकराची तलफ बरीच विझते. उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या वर जातो तेव्हा तहान आणि तलफ यांची गल्लत होते. तीनशे मिलिलिटर कोला म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास साखर. रसवंतीतला मोठा ग्लासही त्याच घरात जातो. आपल्याकडे यावर ज्वारीची आंबील आणि ताक आहे. दोन्ही तहान भागवतात, अंगाला मीठ-पाणी देतात आणि पुढच्या तासाला नवी मागणी उभी करत नाहीत.

‘नैसर्गिक’ या नावाखाली जे विकले जाते त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. गेल्या काही वर्षांत गुळाच्या चहाच्या पाट्या चौकाचौकांत लागल्या. गुळात लोह आणि इतर खनिजे थोडी असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे. साखरेचा चहा सोडून गुळाचा घेतला तर चव बदलते, तलफ तीच राहते. मधाचेही तसेच. उलट ‘हे नैसर्गिक आहे’ या समाधानात हात सैल सुटतो आणि एका कपाचे दोन होतात. कृत्रिम गोडवा देणाऱ्या गोळ्यांवर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये सांगितले की वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्या वापरू नयेत. कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या गटाने २०२०मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की साखर आतड्यात पोहोचली की तिथून मेंदूला वेगळा निरोप जातो, आणि कृत्रिम गोडवा तो निरोप जागा करत नाही. जिभेला फसवता येते, आतड्याला नाही.

गुडमार, म्हणजे मधुनाशिनीच्या पानांबद्दल लोक आवर्जून विचारतात. ती पाने चावली की अर्धा-पाऊण तास गोड लागतच नाही. पानांतली जिम्नेमिक आम्ले जिभेवरची गोडाची जाणीव तात्पुरती अडवतात. हा परिणाम खरा आहे. पण ज्याची तलफ भुकेतून आली त्याची भूक त्या पानांनी मिटत नाही. जीभ बधिर असेतोवर ती थांबून राहते. शिवाय मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने असली पाने किंवा चूर्णे डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे, कारण रक्तातली साखर नको इतकी उतरू शकते. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याला घाम फुटला, हात थरथरले, गरगरले तर ती तलफ नसते. तेव्हा साखर हेच औषध असते आणि ती ताबडतोब द्यायची असते.

जिभेला वळण लावता येते का? येते, पण मर्यादेसह. अमेरिकेतील मोनेल केंद्राच्या संशोधकांनी २०१६मध्ये काही जणांच्या आहारातली साखर बरीच कमी केली. तिसऱ्या महिन्यात त्यांना तेच पुडिंग इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक गोड लागू लागले. मात्र कोणता गोडपणा आवडतो, यात फरक पडला नाही, आणि पुन्हा मोकळीक मिळताच जीभ जुन्या जागी गेली. यातून मी दोन गोष्टी घेतो. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा, अशी आठवड्या-आठवड्याने उतरवली तर तो चहा बेचव लागत नाही. आणि हा बदल टिकायचा तर तो कायमच्या चहात व्हायला हवा. महिनाभराचे व्रत करून पुन्हा पहिल्या साखरेवर आलो तर हाती काही लागत नाही. तलफ अनावर झालीच तर चालायला लागावे. इन्सब्रुक विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१५च्या अभ्यासात पंधरा मिनिटे झपझप चालल्याने गोड खाण्याची ओढ कमी झाल्याचे दिसले. सिद्धेश्वर तलावाकाठी एवढे चालणे कोणालाही जमेल.

मग सणावारी गोड खायचे नाही का? जरूर खायचे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हा घराघरांत शेंगाची पोळी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्या पोळीची जागा पाहा. आदल्या दिवशी भोगी असते : बाजरीची भाकरी, तीळ, हरभरा, वांगे, गाजर, शेंगा घातलेली भाजी. पोळीत गुळाबरोबर दाणे आणि तीळ आहेत, वर तूप आहे, आणि एक-दोन खाल्ल्या की पोट ‘पुरे’ म्हणते. थंडीतला हुरडा घ्या. कोवळ्या ज्वारीची ती गोडी वर्षातून काही आठवडेच मिळते आणि दाण्याच्या तंतूसकट मिळते. बोरे, बार्शीची सीताफळे, सांगोल्याची डाळिंबे यांचीही गोडी हंगामाने येते आणि चावून खावी लागते. पूर्वजांनी गोड खाल्ले, मग आम्ही का नको, असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. त्यांच्या गोडाला तिथी होती, हंगाम होता आणि आधी दिवसभराचे कष्ट होते. आपल्या गोडाला घड्याळातला प्रत्येक तास मोकळा आहे. सणाच्या ताटातली पोळी काढून घेणारा सल्ला माणसाला दुःखी करतो आणि रोजच्या साखरेला हातही लावत नाही.

उपलब्धता किती निर्णायक असते याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले साखरेचे रेशनिंग तिथे सप्टेंबर १९५३मध्ये उठले. रोजचा माणशी खप चाळीस ग्रॅमच्या आसपास होता, तो थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाला. लोकांचा स्वभाव एका महिन्यात बदलला नव्हता, दुकानातली फळी बदलली होती. गर्भापासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत ज्यांनी रेशनचा काळ पाहिला त्यांच्यात पुढे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी राहिला, असे २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या पाहणीने २०२३मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. या सगळ्याचे कारण एकटी साखर नाही. बैठी कामे, पॉलिश केलेला तांदूळ, वजन, आनुवंशिकता हेही आहेच. पण एवढ्या मोठ्या संख्येला ‘ज्याने त्याने जिभेवर ताबा ठेवावा’ हे उत्तर होऊ शकत नाही.

यावर ऊस उत्पादकाची हरकत रास्त आहे. जिल्ह्यातल्या हजारो घरांची चूल उसावर पेटते. साखर कमी खा म्हटले तर त्याने काय करायचे? त्याच्या पोटावर पाय देणारे काही मी सुचवत नाही. त्याच उसापासून इथेनॉल आणि वीज बनू लागली आहे, आणि त्याची मुले गोड चहा-बिस्किटांवर वाढावीत ही काही त्याच्या उत्पन्नाची अट नाही. खरा अन्याय ज्वारीच्या शेतकऱ्यावर झाला आहे. काढणीला मजूर मिळत नाहीत, भावाची खात्री नाही, आणि दुसरीकडे शहरातल्या गरिबाला रेशनवर तांदूळ-गहू फुकट मिळतो तर ज्वारी पदराला खार लावून घ्यावी लागते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले; त्याचा गाजावाजा बिडी वळणाऱ्या बाईच्या चुलीपर्यंत पोहोचला नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आणि इथल्याच आहेत. सोलापूरच्या रेशन दुकानांत स्थानिक रब्बी ज्वारी अधूनमधून नको, बारमाही हवी. यंत्रमागाच्या पाळीत चहाच्या सुट्टीबरोबर खाण्याची सुट्टी हवी आणि रात्रपाळीनंतर माणसाला सलग झोपता येईल असे वेळापत्रक हवे. टपरीवर आणि कचेरीत चहा बिनसाखरेचा उकळावा, साखर बाजूला ठेवावी. ज्याला हवी त्याने हवी तेवढी घ्यावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळांतही तो फलक लागावा आणि त्यावर शीतपेयांबरोबर चहाचाही आकडा असावा. घरात एवढे करावे : पहिला चहा काहीतरी खाल्ल्यावर घ्यावा, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला साखर आणि गूळ दोन्ही देऊ नयेत, आणि गोडाची आठवण झाली की आधी विचारावे, मी शेवटचे जेवलो कधी आणि झोपलो किती?

यातले काहीही खर्चिक नाही आणि काहीही बाहेरून आणायचे नाही. तलफ ही शरीराची तक्रार आहे आणि साखर देऊन आपण ती तेवढ्यापुरती गप्प करतो. तक्रारीचे कारण वेळेवरच्या पोटभर जेवणाने आणि झोपेने दूर होते. ज्या जिल्ह्याने राज्याला साखर पुरवली, त्याने आपल्या कष्टकऱ्याला वेळेवर भाकरी पुरवण्याची व्यवस्था उभी करावी. तलफेशी प्रत्येकाने एकट्याने झुंजत बसण्यापेक्षा ही व्यवस्था उभी करणे सोपे आहे, आणि ते आपल्या सगळ्यांचे काम आहे.